विद्यार्थी एक, तिकिटं तीन

तिकीट खिडकीतल्या गृहस्थांनी माझं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं. विद्यापीठाचं, पीएच.डी.चं, मुदत शिल्लक असलेलं. मग त्यांची नजर माझ्या मागे उभ्या नवऱ्याकडे गेली, त्याच्या खांद्यावर बसलेल्या सहा वर्षांच्या ओवीकडे गेली आणि कार्ड परत आलं. “विद्यार्थी सवलत सहलींना असते, ताई. तुम्ही फॅमिली आहात.”

त्याच्या दोन महिने आधी मी एका वसतिगृहाच्या कचेरीत उभी होते. तिथलं उत्तर होतं, “इथे विद्यार्थी राहतात, मॅडम. फॅमिलीची सोय नाही.”

मग भाड्याची खोली शोधायला निघालो. घरमालक म्हणाले, “स्टुडंट लोकांचं भाडं वेळेवर येत नाही. दोन महिन्यांचं डिपॉझिट जास्त लागेल.”

सवलत मागितली, तेव्हा आम्ही फॅमिली. वसतिगृहात खोली मागितली, तेव्हाही फॅमिली. पैसे द्यायची वेळ आली, तेव्हा स्टुडंट. पुण्यात विद्यार्थी म्हटलं की डोळ्यांपुढे एकटा, विशीतला, डबा लावलेला मुलगा येतो. कुटुंब म्हटलं की दोन पगार आणि चारचाकी येते. या दोहोंच्या मधल्या घराला कुणी नावच दिलेलं नाही. प्रयोगशाळेतून पळत पाळणाघर गाठणारी आई, तासिका तत्त्वावर शिकवून रात्री सेट परीक्षेचा अभ्यास करणारा बाप आणि दोघांच्या पुस्तकांवर रंगीत खडूने घर काढणारं पोर, असं ते घर असतं. अशी घरं या शहरात पुष्कळ आहेत. एकट्या माझ्या विभागात पाच आहेत.

आजचं सदर त्यांच्यासाठी. आणि थोडं त्या खिडकीसाठी.

•

आधी हिशेब. 2023 पासून कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप महिना 37 हजार आहे. दोन वर्षांनी वरच्या पायरीवर गेलं की 42 हजार. हा आकडा कागदावरचा. मला ती चार महिने आली नव्हती, आणि त्या चारही महिन्यांत भाडं मात्र पाच तारखेला गेलं. नवऱ्याची मिळकत तासावर. सुट्टी लागली की मिळकतही थांबते. गोखलेनगरातली एक खोली, ओवीची शाळा, गॅस, दूध, गावी आईच्या औषधांचे पैसे. यातून ‘फिरायला’ काय उरणार?

म्हणून सगळे एकच सल्ला देतात. आधी पोटोबा, मग विठोबा. आधी पदवी घ्या, नोकरी लागू दे, मग दाखवा पोरीला काय दाखवायचं ते. सल्ला मायेचा असतो, पण चुकीचा असतो. पदवी आणि मग नोकरी होईपर्यंत पाच-सहा वर्षं सहज जातात. आज सहा वर्षांची असलेली ओवी तेव्हा बारा वर्षांची होईल. प्रबंधाला मुदतवाढ मिळते. बालपणाला मिळत नाही.

म्हणून आम्ही घरात एक जुना बोर्नव्हिटाचा डबा ठेवला. दर आठवड्याला त्यात अडीचशे रुपये टाकायचे आणि रविवारी तेवढ्यात जे होईल ते पाहायचं. पैसे उरले तर पुढच्या रविवारी. फेलोशिप रखडली त्या महिन्यांत डब्यात काहीच पडलं नाही. तेव्हा चालत जाण्याजोगं पाहिलं. रविवार एकही सोडला नाही.

•

सुरुवात दारातून केली. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोरून मी तीन वर्षं जात होते आणि एकदाही थांबले नव्हते. हे मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळी घर. 1860 च्या दशकात त्याचं बांधकाम सुरू झालं. 22 जून 1897 च्या रात्री इथे व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ होता. तो आटोपून प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट बग्ग्यांतून निघाले आणि याच गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ‘गोंद्या आला रे’ ही त्यांची खुणेची हाक. प्लेगच्या काळात घराघरांत घुसून केलेल्या जुलमाचा तो हिशेब होता.

ओवीला हे सगळं गवतावर बसवून सांगितलं. तिने विचारलं, “म्हणजे आपण रोज ज्या रस्त्याने शाळेत जातो, तोच?” तोच. त्या दिवसापासून शाळेचा रस्ता तिच्यासाठी बदलला. खर्च शून्य. डब्यातले अडीचशे तसेच राहिले.

पुण्यात 20-20 वर्षं राहिलेली माणसं मला सांगतात की ती इमारत त्यांनी आतून कधी पाहिली नाही. हीच मंडळी दर दिवाळीत विमानाने कुठेतरी जाऊन येतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. विमान घ्या, जरूर घ्या. पण मुलाला आपल्या रस्त्यावर काय घडलं तेही ठाऊक असू द्या.

•

पाचव्या रविवारी राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. तिथे मला या सगळ्याचा अर्थ लागला.

दिनकर गंगाधर केळकर चष्म्यांचं दुकान चालवत आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा सात वर्षांचा असताना गेला. त्याच्या नावाने या माणसाने जन्मभर वस्तू जमवल्या. पत्नी कमलाबाई बरोबरीने त्यात होत्या. त्यांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, वज्री, फण्या, दौती, वाद्यं, दरवाजे गोळा केले. हा संग्रह 20 हजार वस्तूंच्या पुढे गेला आणि त्यांनी तो सगळा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

दाराशीच ओवीने विचारलं, “राजा कोण?” मी सांगितलं. ती त्यानंतर बराच वेळ गप्प होती. दिव्यांच्या दालनात पोचल्यावर म्हणाली, “राजाने हे पाहिलंच नाही?”

नाही पाहिलं. त्याच्या बाबांनी ते आपल्यासाठी ठेवलं.

हे माझ्या तोंडून निघून गेलं आणि मग मीच त्याचा विचार करत राहिले. आम्ही रविवारी जात होतो त्यातल्या पुष्कळ ठिकाणी कुणीतरी आपलं काहीतरी शहराला देऊन टाकलेलं होतं. अनोळखी माणसांसाठी. ज्यांचा अजून जन्मही झाला नव्हता त्यांच्यासाठी.

आगाखान पॅलेस घ्या. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून 1892 मध्ये तिसऱ्या आगाखानांनी तो बांधला. 9 ऑगस्ट 1942 नंतर गांधीजी इथे स्थानबद्ध होते. आल्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच 15 ऑगस्टला त्यांचे सचिव महादेवभाई देसाई इथेच वारले. 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा गेल्या. पुढे 1969 मध्ये चौथ्या आगाखानांनी हा वाडा देशाला देऊन टाकला. दोन्ही समाध्या मागच्या बागेत आहेत. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, आणि अलीकडच्या वर्षांत 18 एप्रिलच्या जागतिक वारसा दिनी मोठ्यांनाही माफ असतं. ही तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा.

आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका घ्या. तिची इमारत उभी राहिली त्यात पु. ल. देशपांडे यांच्या पत्नी सुनीताबाई यांनी दिलेल्या देणगीचा वाटा आहे. इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींमधला तारा आणि आपले पु. ल., दोघं एका नावात मावले. इथेच अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी बनवायला शिकवलं. आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व ट्यूब एवढ्या सामानात भूमितीचे आकार उभे राहतात. आमच्या घरी हे सामान कधीच कमी पडलं नाही. ओवीने त्रिकोणावर त्रिकोण जोडले आणि मला विचारलं की चौकोन डगमगतो, मग त्रिकोण का डगमगत नाही. महागड्या खेळण्यांच्या दुकानात हा प्रश्न तिला पडला नसता.

आणि सवाई. गुरू सवाई गंधर्व 1952 मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी भीमसेन जोशींनी त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. एका शिष्याचं गुरूवरचं प्रेम, आणि डिसेंबरात सतरंजी काखेला मारून निघालेलं अख्खं शहर. भारतीय बैठकीचं तिकीट सगळ्यात स्वस्त असतं. तेही जमलं नाही त्या वर्षी आम्ही सवाई गंधर्व स्मारकात सकाळी ‘षड्ज’ या उपक्रमातल्या फिल्म पाहिल्या. तिथे पैसे लागत नाहीत. ओवी माझ्या मांडीवर झोपली होती. झोपेत का होईना, कानावर यमन पडला.

बापाने मुलासाठी, बायकोने नवऱ्याच्या नावाने, शिष्याने गुरूसाठी केलेलं. त्यांच्या जिव्हाळ्याचं माणूस गेलं आणि त्यांनी दार लावून घेतलं नाही, उघडं ठेवलं. त्या दारातून आत जाणारा पाहुणा नसतो. तो वारस असतो. वारसाची मिळकत किती हे कुणी विचारत नाही. खिशात 37 हजार असोत की 37 रुपये, त्या दिव्यांवर ओवीचा हक्क तेवढाच आहे.

•

काही गोष्टी कुणा एकाने दिलेल्या नाहीत. त्या सगळ्यांनी मिळून राखल्या आहेत.

पाताळेश्वर. जंगली महाराज रस्त्याच्या गर्दीत आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं, काळ्या पाषाणात कोरलेलं लेणं. समोर गोल नंदीमंडप. काम अर्धवट राहिलंय, छिन्नीच्या खुणा दिसतात. ओवीला पुऱ्या झालेल्या खांबांपेक्षा न झालेला भाग जास्त आवडला. तिच्या आईचा प्रबंधही अर्धवट आहे, हे तिला माहीत आहे. त्रिपुरी पौर्णिमेला तिथे दिवे लागतात. त्या संध्याकाळी जा.

वेताळ टेकडी. शहरातली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर. आमच्या दारातून चालत चढता येते. मोर ऐकू येतो, खाणीत साठलेलं पाणी दिसतं. डबा, पाणी, टोपी घ्या आणि सहाला निघा.

गणपतीत मानाचे पाच एका फेरीत होतात. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. रात्रीच्या गर्दीत मूल खांद्यावर घेऊन हाल करून घेऊ नका. सकाळी सातला जा. आरतीची घंटा ऐकू येते आणि मूर्ती निवांत पाहता येते.

आषाढी वारीच्या पालख्या दोन रात्री पुण्यात मुक्कामाला असतात. तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला. त्या दिवशी शाळा, प्रयोगशाळा, सगळं बाजूला ठेवून जा. चार पिढ्या एकत्र चालताना मुलाला दुसरीकडे कुठे दिसणार?

28 फेब्रुवारी. 1928 मध्ये याच तारखेला रामन यांनी आपला शोध जाहीर केला, म्हणून तो राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या सुमाराला आयुकाचं दार सगळ्यांसाठी उघडतं. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही पाहता येते. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या 30 तबकड्या, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. आम्ही एसटीने गेलो, घरची पोळीभाजी बांधून. तबकडीची जाळी पाहून ओवी म्हणाली, “चाळणी आहे.” तिथल्या तरुण संशोधकाने खाली बसून तिला सांगितलं की रेडिओ लहरी या भोकांपेक्षा खूप मोठ्या असतात, म्हणून त्या गळून जात नाहीत, आणि वारा मात्र आरपार जातो. त्याने सहा वर्षांच्या मुलीला पाच मिनिटं दिली. असा माणूस भेटला की शहर आपलं वाटू लागतं.

आणि डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव. 2023 मध्ये सुरू झाला. आत जायला पैसे नाहीत. डब्यात साठलेले सगळे तिथे संपतात. संपू द्या.

•

आता खिडकीच्या पलीकडच्यांशी.

एका व्याख्यानाच्या पत्रिकेच्या तळाशी छापलं होतं, ‘कृपया लहान मुलांना आणू नये.’ ही ओळ मूल कधीच वाचत नाही. आई वाचते, आणि घरी राहते. बाप जातो. शंभर पत्रिकांवर ही ओळ छापा, शंभर संध्याकाळी एक शिकणारी बाई सभागृहाबाहेर राहील. त्याऐवजी ‘मुलांसह येणाऱ्यांनी दाराजवळच्या दोन ओळींत बसावं’ असं छापा. शाई तेवढीच लागते.

विद्यार्थी सवलत ठेवायची तर ओळखपत्र पाहून द्या. माणसाचं वय आणि मांडीवरचं मूल पाहू नका. संशोधन करणारी 32 वर्षांची आई ही विद्यार्थीच आहे.

संग्रहालयाला इमारत आहे, रखवालदार आहे, कॅमेरे आहेत. मग लहान मुलाला नेता येईल असं स्वच्छतागृह आणि प्यायचं पाणी का नाही? पन्नास वस्तूंची झळाळी एका तुंबलेल्या नळापुढे फिकी पडते.

फलक तीन फुटांवर लावा. पाच फुटांवर लावलेला फलक ज्याने वाचायला हवा त्याला दिसत नाही. आणि त्यावर तारीख आणि परिमाणं यांच्या जोडीला एक गोष्ट लिहा. राजाची गोष्ट माझ्या मुलीला मी सांगितली म्हणून कळली. प्रत्येक मुलाबरोबर संशोधन करणारी आई नसते.

आणि टेकडी. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीच्या पोटातून बोगदे, असे प्रस्ताव वर्षानुवर्षं कागदावर येत-जात आहेत. ज्यांच्याकडे महाबळेश्वरात बंगला आहे त्यांना दुसरी टेकडी आहे. आमच्याकडे ही एकच आहे. ती फुकट आहे याचा अर्थ ती स्वस्त आहे असा होत नाही. वारसांना विचारल्याशिवाय घर पोखरायचं नसतं.

•

आणि आपल्याशी, म्हणजे माझ्यासारख्यांशी.

‘आम्हाला परवडत नाही’ हे वाक्य मुलांपुढे जपून वापरा. ते खरं असतं, पण अर्धंच. विमान परवडत नाही, रिसॉर्ट परवडत नाही. आठव्या शतकातलं लेणं परवडतं, माउलींची पालखी परवडते, 45 मीटरची दुर्बीण एसटीच्या भाड्यात परवडते. मुलाला दोन्ही अर्धी ऐकू द्या.

आणि अपराधी वाटून घेऊ नका. रविवारी तीन तास लेणं पाहिलं म्हणून प्रबंध मागे पडत नाही. तो मागे पडतो तो अहवाल, सह्या आणि शिक्के यांच्या रांगेत. तीन तास मुलाचा हात धरून चाललेली संशोधक सोमवारी टेबलाशी बसते ती ताजी होऊन.

•

गेल्या महिन्यात परभणीहून सासूबाई आल्या. ओवीने जाहीर केलं, आजीला आपण राजाकडे न्यायचं.

खिडकीशी पोचलो. मी सवयीने पर्समधून ओळखपत्र काढायला लागले. आईंनी माझा हात बाजूला केला, कनवटीची पुरचुंडी सोडली आणि म्हणाल्या, “ठेव गं ते. आज सगळ्यांचं मी काढते.”

आत वज्रींच्या कपाटाशी त्या थबकल्या. पितळेची, मोर असलेली एक वज्री होती. “अशीच माझ्या मायकडे होती,” त्या म्हणाल्या. “दिवाळीला टाचा घासून द्यायची. पुढं मोडीत गेली.” काचेवर त्यांनी बोट ठेवलं तसं ओवीनेही ठेवलं. मी वर्षभर त्या कपाटापुढून ‘जुन्या काळची वस्तू’ म्हणत गेले होते. आईंना तिथे आपली आई दिसली.

“ही कुणाची गं?” त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत ओवी म्हणाली, “आपली. राजाच्या बाबांनी ठेवलीय.”